आधुनिक आंतरराष्ट्रीय संबंधांचा इतिहास: या पेपरची पहिल्या तासाला सुरुवात कशी करावी?

येरळाकाठ (विटा)

नमस्कार मंडळी. मी विट्याजवळच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते. यंदा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आधुनिक आंतरराष्ट्रीय संबंधांचा इतिहास हा पेपर माझ्याकडे आलाय, साधारण १९१४ ते १९९१ आणि मागं थोडी १८१५ पासूनची पार्श्वभूमी. मला हा विषय मनापासून आवडतो म्हणून मी तो मागून घेतलाय. अडचण आहे ती पहिल्या तासाची. हा पेपर सगळीकडं कसा सुरू होतो ते मला माहितीये, फळ्यावर व्याख्या, मग स्वरूप, मग व्याप्ती, मग महत्त्व, पोरं मान खाली घालून वहीत उतरवून घेतात आणि दुसऱ्या आठवड्यात निम्मे बाक रिकामे.

माझ्या वर्गात कोण बसतं ते सांगते म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. काही पोरं आर्मी भरतीची, पहाटे ग्राउंड करून येतात आणि पहिल्या तासाला डोळे मिटायला लागतात. काहींच्या घरी द्राक्षबाग. बऱ्याच जणांचे वडील नाहीतर चुलते गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात, कोण कोईमतूरला, कोण कलकत्त्याला, पोरगं इथं आजीजवळ राहून शिकतंय. मुली जास्त आहेत आणि खरं सांगायचं तर वाचून येणाऱ्या मुलीच आहेत. दोघी-तिघी एमपीएससी करतायत. सगळे मराठी माध्यमाचे.

परवा एकानं सरळच विचारलं की मॅडम, तिकडं युरोपात शंभर वर्षांपूर्वी कुणी कुणाला गोळी घातली ते मला इथं बसून कशाला पाहिजे. उद्धटपणानं नाही विचारलं, खरंच समजून घ्यायचं होतं त्याला, आणि मला वाटतं की ह्या प्रश्नाचं उत्तर त्याला पहिल्याच तासात मिळायला पाहिजे, "पुढं कळेल" असं म्हणून चालणार नाही. तुम्ही असता तर कुठून सुरू केलं असतं? जे शिकवतात त्यांनी सांगा आणि जे हा पेपर शिकलेत त्यांनी तर नक्की सांगा.


मिरज_जंक्शन

मॅडम मी हा विषय यूपीएससीसाठी केलाय त्यामुळं आधी सरळ गोष्ट. मुख्य परीक्षेच्या जीएस एकमध्ये, म्हणजे सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरात, अठराव्या शतकापासूनचा जगाचा इतिहास आहे, जीएस दोनमध्ये आंतरराष्ट्रीय संबंध आहेत, आणि एमपीएससीची मुख्य परीक्षा पण आता वर्णनात्मक झालीये त्यामुळं नुसत्या तारखा पाठ करून भागत नाही, का झालं ते लिहायला लागतं. हे एकदा सांगून टाका, दोन मिनिटांत, म्हणजे ज्यांना परीक्षेसाठी पाहिजे ते निवांत होतात. पण त्याच्यावर तास काढू नका. परीक्षेचं नाव सांगून बसवलेलं पोरगं परीक्षेपुरतंच बसतं.


अजिंक्यतारा (सातारा)

मॅडम, मी बरीच वर्षं हाच विषय शिकवला, आता निवृत्त आहे. माझं मत स्पष्ट सांगतो, १८१५ पासून सुरुवात करा पण व्हिएन्नामधून करू नका, साताऱ्यातून करा.

कसं ते बघा. पुस्तकात काय असतं? १८१५ ला व्हिएन्ना काँग्रेस झाली, नेपोलियननंतरची घडी बसली, मोठ्या सत्तांनी आपापसात तोल सांभाळला आणि तिथून १९१४ पर्यंत युरोपात सगळ्यांना ओढणारं एकही मोठं युद्ध झालं नाही, म्हणून त्याला शांततेचं शतक म्हणतात. आता हेच शतक आपल्याकडनं बघायचं. १८१८ ला आष्टीची लढाई, पेशवाई गेली, छत्रपती प्रतापसिंह महाराज इंग्रजांच्या हाती आले. २५ सप्टेंबर १८१९ ला ईस्ट इंडिया कंपनीनं त्यांच्याशी तह केला आणि साताऱ्याचं राज्य म्हणून एक नवी चौकट उभी केली. त्या तहात एक कलम होतं, ते वर्गात नीट समजावून सांगण्यासारखं आहे. महाराजांनी बाहेरच्या कुठल्याही सत्तेशी, दुसऱ्या राजाशी किंवा सरदाराशी परस्पर संबंध ठेवायचे नाहीत, जे काय बोलायचं ते रेसिडेंटमार्फत, म्हणजे दरबारातल्या कंपनीच्या प्रतिनिधीमार्फत. म्हणजे राज्य तुमचं, न्यायनिवाडा तुमचा, वसूल तुमचा, पण परराष्ट्र धोरण तुमचं नाही. आणि १८३९ ला महाराजांना पदच्युत केलं तेव्हा आरोप काय ठेवले? गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधलं, नागपूरच्या आप्पासाहेबांशी संधान बांधलं, कंपनीच्या शिपायांना फितवलं. यातले पहिले दोन आरोप सरळ सरळ परराष्ट्र संबंध ठेवल्याचे आहेत! मी वर्गात हे सांगून थांबायचो आणि विचारायचो, मग सातारा हे स्वतंत्र राज्य होतं का नव्हतं? हात वर करा. वर्ग दोन्हीकडं फुटतो आणि मग सार्वभौमत्व म्हणजे काय याची व्याख्या द्यायची गरज राहत नाही, ती पोरंच भांडून काढतात.

त्याच १८३९ साली तिकडं चीनशी पहिलं अफूचं युद्ध सुरू झालं. ती अफू कुठली? बंगालची, आणि माळव्याची. माळव्याची अफू मुंबई बंदरातून जायची. १८४२ ला नानकिंगचा तह झाला, हाँगकाँग गेलं. १८४८ ला प्रतापसिंहांच्या जागी गादीवर बसवलेले त्यांचे भाऊ अप्पासाहेब महाराज वारले, दत्तक नामंजूर, डलहौसीनं सातारा खालसा केलं. त्या वेळी रंगो बापूजी लंडनला होते. १८४० च्या सुमारास ते सातारकर महाराजांची बाजू मांडायला गेले आणि १८५३ पर्यंत तिथं राहिले, कंपनीच्या डायरेक्टरांपुढं, पार्लमेंटच्या सभासदांपुढं, अर्ज, पुस्तिका, भाषणं, जे जे त्या देशाच्या कायद्यात बसतं ते सगळं केलं. ज्या राज्याची वकिली करत होते ते राज्य ते तिथं असतानाच नकाशावरून गेलं. एका वकिलाचं एवढं मोठं काम आपण चौकातल्या पुतळ्यापुरतं ठेवलंय याचं मला फार वाईट वाटतं.

तर युरोपातलं शांततेचं शतक आणि आपलं हे शतक शेजारी शेजारी लिहा. तोल सांभाळला गेला तो कुणामध्ये आणि त्याची किंमत कुणी दिली, हा प्रश्न पुढं १९१९ ला पण येतो, १९४५ ला पण येतो. एवढा एकच धागा धरून सेमिस्टर निघतो.


वाईकर

सरांबद्दल पूर्ण आदर ठेवून थोडं वेगळं म्हणतो. मी पण शिकवतो, ज्युनिअरला. सातारच्या गादीपासून सुरू केलं की आपल्याकडच्या वर्गात काय होतं ते सगळ्यांना माहितीये, पोरं पेटतात, अभिमान येतो, चांगलंच आहे ते, पण मग तास महाराष्ट्राच्या इतिहासाचा होऊन जातो आणि बिस्मार्क, मेटरनिख वगैरे मंडळी परत परकीच राहतात. या पेपरचा गाभा हा आहे की सरकारं निर्णय कसा घेतात. समोरचा काय करेल याची खात्री नसताना, वेळ कमी असताना, घरातला दबाव असताना. हे शिकवायला जुलै १९१४ सारखं दुसरं काहीही नाही.

२८ जूनला साराजेव्होमध्ये आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडचा खून झाला. त्यानंतर जवळजवळ महिनाभर बाहेरून काहीच दिसत नाही, लोक सुट्टीवर जातात. आतून जर्मनीनं ऑस्ट्रियाला कोरा चेक दिलेला असतो, काय पाहिजे ते करा आम्ही पाठीशी आहोत. २३ जुलैला ऑस्ट्रिया सर्बियाला निर्वाणीचा खलिता देतो, मुदत अठ्ठेचाळीस तास. सर्बिया बहुतेक अटी मान्य करतो, सगळ्या नाही. २८ ला युद्ध. ३० ला रशियानं सगळ्या सैन्याच्या जमवाजमवीचा हुकूम काढला, १ ऑगस्टला जर्मनीनं रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं, ३ ला फ्रान्सविरुद्ध, ४ ला जर्मन फौज बेल्जियममध्ये आणि त्याच दिवशी ब्रिटन युद्धात.

वर्गाचे पाच-सहा गट करा, एक एक राजधानी द्या, आणि प्रत्येक गटाला फक्त त्या दिवसापर्यंत त्या सरकारला जेवढं माहिती होतं तेवढंच सांगा. विचारा, आता तुम्ही काय करणार? रशियाच्या गटाला विचारा की जमवाजमव थांबवली आणि जर्मनीनं हल्ला केला तर? जर्मनीच्या गटाला विचारा की तुमची योजना अशी आहे की फ्रान्सला आधी झटपट हरवायचं आणि मग रशियाकडं वळायचं, प्रत्येक दिवस उशीर म्हणजे रशिया तयार, मग थांबणार का? पोरं स्वतः युद्धाला जातात हो, कुणालाच मनापासून नको असताना. मी हे करून बघितलंय, त्या दिवशी घंटा झाली तरी कोणी उठलं नाही.

आणि मराठी माध्यमाचं म्हणाल तर आपल्या वाईचं मराठी विश्वकोशाचं काम आहेच की. महायुद्धं, राष्ट्रसंघ, मोठे तह, परिषदा, सगळ्यावर नोंदी आहेत आणि नेटवर फुकट आहे. नोंदी तर्कतीर्थांच्या देखरेखीखालच्या आहेत त्यामुळं भाषा थोडी जड वाटेल पण वाक्य न् वाक्य तपासलेलं आहे. नोंद शोधताना मूळ शब्द आधी टाकायचा, म्हणजे "महायुद्ध, पहिले" असं. पोरांना मोबाईलवर एक नोंद वाचून यायला सांगा, गाईड घेण्यापेक्षा कधीही बरं.


येरळाकाठ

दोघांचेही खूप आभार. सर, १८१९ च्या तहातलं कलम मी नुसतं वाचून सोडून दिलं होतं, आरोपांशी जोडून कधी बघितलं नव्हतं, अंगावर काटा आला. वाईकर दादा तुमचा गटांचा प्रयोग मी करणारच, पण तो पहिल्या तासाला नाही झेपणार, पोरांना अजून देश कुठं आहेत तेच माहीत नसेल. तिसऱ्या-चौथ्या तासाला घेते.

माझा मूळ प्रश्न तरी अजून राहिलाय असं वाटतंय. विट्याच्या पोराला १९१४ कशाला पाहिजे?


माणदेशी_फौजी

ताई मी शिक्षक नाही, फौजेतून रिटायर झालोय, मराठा लाइट इन्फंट्री. तुमच्या त्या पोराला माझ्याकडनं सांगा की १९१४ त्याच्या घरातच असेल, आजीच्या ट्रंकेत बघ म्हणावं.

आमच्या घरी पणजोबांचं मेडल आहे. चांदीचं, एका बाजूला पंचम जॉर्जचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा माणूस. बरेच जण एवढंच बघतात आणि परत ठेवून देतात. खरी गोष्ट कडेवर असते. मेडल आडवं धरून उजेडात फिरवायचं, कडेवर बारीक इंग्रजी अक्षरात नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. आमच्या मेडलवर ११० मराठा आहे. ती पलटण सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये होती, डिव्हिजन मेसोपोटेमियात, आजच्या इराकमध्ये. जनरल टाउनशेंडनं बगदादकडं धाव घेतली, तिथपर्यंत पोचता आलं नाही, मागं येऊन कुत-अल-अमारा गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकले. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. शेवटी शेवटी दाणागोटा संपला, घोडी कापायला लागली, आपल्या लोकांनी घोड्याचं मांस खायला बरेच दिवस नकार दिला, माणसं उपासानं गेली. शरण आले तेव्हा तेरा हजारांच्या आसपास कैद झाले आणि कैदेत वाळवंटातून चालत नेताना किती गेले त्याला सुमार नाही. आमचे पणजोबा परत आले. त्यांच्याबरोबर गेलेले गावातले सगळे नाही आले.

सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे मिलिटरी सगळ्यांना माहितीये, पण असली घरं खटाव, माण, खानापूर, आटपाडी सगळीकडं आहेत. त्या युद्धात तेरा लाखांच्या आसपास भारतीय माणूस बाहेर गेला आणि सत्तर हजारांच्या वर परत आला नाही. दुष्काळी भाग, पगार मिळतो, नाव होतं, गेले. पण कशासाठी गेले हे कुणी सांगितलं नव्हतं त्यांना, आणि मलाही नोकरीत कोणी सांगितलं नाही, रिटायर झाल्यावर मी स्वतः वाचलं.


अजिंक्यतारा (सातारा)

फौजी साहेब, तुम्ही जिथं थांबलात तिथूनच मॅडमचा पहिला तास सुरू होतो. मी माझा सल्ला मागं घेत नाही पण हे त्याच्या आधी यायला पाहिजे.

कुत पडलं २९ एप्रिल १९१६ ला. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, १६ मे १९१६ ला, ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात साइक्स-पिको करार पक्का झाला, गुप्तपणे. तुर्की साम्राज्य हरल्यावर त्याचे अरब प्रांत कुणी कसे वाटून घ्यायचे त्याचा नकाशा, निळा रंग फ्रान्सचा, तांबडा ब्रिटनचा, बगदाद आणि बसरा तांबड्यात. म्हणजे फौजी साहेबांचे पणजोबा कैदेत चालत होते तेव्हा ज्या जमिनीवरनं ते चालत होते तिची कागदावर वाटणी झालेली होती. आणि फौज तिकडं पहिल्यांदा का गेली? नोव्हेंबर १९१४ ला बसऱ्याकडं भारतातून फौज पाठवली त्यामागं एक मोठं कारण तेल. इराणमधली आबादानची रिफायनरी तिथंच नदीच्या तोंडाशी आहे, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सरकारनं अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीत निम्म्याहून जास्त भाग विकत घेतला होता कारण आरमार कोळशावरून तेलावर चाललं होतं.

आता मेडल, कुत, तेल, साइक्स-पिको, पुढं नोव्हेंबर १९१७ ची बाल्फोर घोषणा (पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंना घर द्यायचं ब्रिटनचं वचन), मग व्हर्साय, मग राष्ट्रसंघाची (लीग ऑफ नेशन्स) मँडेट पद्धत, म्हणजे हरलेल्यांचे प्रदेश जिंकलेल्यांच्या देखरेखीखाली, त्यातून ब्रिटनच्या हाताखालचा इराक. एका मेडलवरनं तुमचा अर्धा अभ्यासक्रम निघाला. आणि हो, व्हर्सायच्या तहावर भारताच्या वतीनं सह्या आहेत, बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांची आणि भारतमंत्री माँटेग्यू यांची. भारत राष्ट्रसंघाचा मूळ सभासद होता, स्वतःचं सरकार नसलेला त्या यादीतला एकमेव देश. बाहेर खुर्ची आहे आणि घरात सत्ता नाही. ज्यांना १८१९ चं कलम कळलंय त्यांना ही खुर्ची लगेच कळते, कारण हे बरोब्बर उलटं आहे.


कोईमतूरचा_गलाईवाला

ताई मी विट्याचाच, गलाईचा धंदा आहे, वडिलांपासून इकडंच आहोत. सगळं वाचलं, फार चांगलं चाललंय. गलाईवाल्यांच्या पोरांसाठी मी एक सांगतो, सोन्यावरनं शिकवा. आमच्या पोरांना सोन्याचा भाव रोज सकाळी उठल्या उठल्या कळतो, पण तो हलतो का ते कुणाला विचारलं तर न्यूयॉर्क म्हणतात आणि गप्प बसतात.

१९४४ ला अमेरिकेत ब्रेटन वूड्सला चव्वेचाळीस देशांची परिषद झाली, युद्ध अजून चालू होतं. तिथं ठरलं की डॉलर सोन्याला बांधायचा, एक औंस पस्तीस डॉलर, आणि बाकीची चलनं डॉलरला. तिथूनच नाणेनिधी आणि जागतिक बँक. भारताचं शिष्टमंडळ पण होतं आणि त्यात आपले चिंतामणराव देशमुख होते, रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर. युद्धात ब्रिटननं भारताकडनं माल उचलला होता त्याचे पैसे लंडनमध्ये पौंडात अडकून पडलेले, तो प्रश्न भारतानं तिथं मांडला, परिषदेनं घेतला नाही. १५ ऑगस्ट १९७१ ला निक्सननं डॉलरच्या बदल्यात सोनं देणं बंद केलं, आणि भाव मोकळा झाला तो आजतागायत मोकळा आहे. आमच्या वडिलांच्या पिढीनं धंदा केला तो ह्या मोकळ्या भावावर. हे एकदा कळलं की दुकानातला काटा पण वेगळा दिसायला लागतो.

आणि दुसरं म्हणजे १९९१. तेव्हा देशाचं सोनं बाहेर गेलं ते आमच्या लोकांना फार लागलं होतं, दुकानात तोच विषय असायचा. कसं झालं ते सरांनी नीट सांगावं, मला धागा माहितीये पण मांडता येणार नाही.


मिरज_जंक्शन

दादा मी सांगतो, हे मी उत्तरात लिहिलेलं आहे म्हणून पाठ आहे. २ ऑगस्ट १९९० ला इराकनं कुवेत घेतलं. तेल भडकलं, आखातातनं येणारा पैसा आटला, तिकडची आपली माणसं परत आणायला लागली, पावणेदोन लाखांच्या आसपास लोक कुवेतमधून अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानांनी आणले. तिकडं सोव्हिएत युनियन ढासळत होता, म्हणजे आपला मोठा गिऱ्हाईक देश. घरात सरकार अस्थिर, वित्तीय तूट आधीपासूनची. परकीय चलन काही आठवड्यांच्या आयातीपुरतं राहिलं. मग मे १९९१ ला वीस टन सोनं स्विस बँकेला दिलं आणि जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेनं जवळजवळ सत्तेचाळीस टन गहाण म्हणून बाहेर पाठवलं, बँक ऑफ इंग्लंडकडं. पुढं कर्ज फेडलं.

आणि जो इराक १९९० ला कुवेतमध्ये घुसला त्याच्या सीमा कधीच्या? पहिल्या महायुद्धानंतरच्या. म्हणजे फौजी काकांच्या पणजोबांपासून ते गलाईवाल्या दादांच्या दुकानापर्यंत एकच रस्ता जातो. मला हे आत्ता इथं लिहिताना कळलं, क्लासमध्ये हे दोन वेगळ्या युनिटमध्ये होतं. फक्त एक काळजी घ्या मॅडम, १९१६ मुळं १९९० झालं असं सरळ लिहू नका, मधे पंचाहत्तर वर्षांत हजार निर्णय झालेत आणि प्रत्येक निर्णय घेणाऱ्याला दुसरा पर्याय होता. सीमा जुनी होती, घुसायचं ठरवलं ते सद्दामनं.


वाईकर

हे शेवटचं वाक्य वर्गात मोठ्यानं वाचून दाखवा. याच्यासाठीच मी जुलै १९१४ म्हणत होतो.


हळद_यार्ड (सांगली)

थोडक्यात माझं पण घ्या. सगळं युद्ध आणि सोनंच नको. १९९५ ला अमेरिकेत हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिलं होतं, मिसिसिपीच्या विद्यापीठाच्या लोकांना. सीएसआयआर या आपल्या सरकारी संशोधन संस्थेनं, डॉ. माशेलकरांच्या काळात, जुने ग्रंथ आणि छापील शोधनिबंध पुरावा म्हणून दाखल केले आणि १९९७ ला ते पेटंट रद्द झालं. सांगलीच्या पोराला हळद माहीत नाही असं होणार नाही. आणि त्याच १९९५ च्या १ जानेवारीला जागतिक व्यापार संघटना सुरू झाली होती.


अजिंक्यतारा (सातारा)

हळदीचं उदाहरण चांगलं आहे, पण नीट मांडायला पाहिजे. तो खटला अमेरिकेच्या पेटंट ऑफिसपुढं, अमेरिकेच्या कायद्याप्रमाणं चालला, ते दोन देशांमधलं भांडण नव्हतं. आंतरराष्ट्रीय भाग येतो तो व्यापार संघटनेबरोबर आलेल्या बौद्धिक संपदेच्या करारात, सगळ्यांनी कायदे एका साच्यात आणायचे हे कुणी ठरवलं आणि कुणाला ते महाग पडलं. अभ्यासक्रम १९९१ ला थांबतो म्हणून मॅडमनी हे शेवटच्या आठवड्यासाठी ठेवावं.

मला अजून एक सुचवायचंय, ऑक्टोबर १९६२. शीतयुद्ध शिकवताना क्युबा एका प्रकरणात येतो आणि चीनचं आक्रमण दुसऱ्या प्रकरणात, आणि पोरांच्या डोक्यात ते दोन वेगळ्या वर्षी झाल्यासारखं राहतं. फळ्यावर चार रकाने करा, दिल्ली, वॉशिंग्टन, मॉस्को, बीजिंग, आणि तारखा खाली खाली लिहीत जा. १६ ऑक्टोबरला केनेडींना क्युबातल्या क्षेपणास्त्रांचे फोटो दाखवले. २० ला चीननं नेफा (आजचा अरुणाचल) आणि लडाखमध्ये मोठा हल्ला चढवला. २२ ला केनेडींनी टीव्हीवर क्युबाची नाकेबंदी जाहीर केली. २५ ला मॉस्कोच्या प्रावदा या पक्षाच्या वर्तमानपत्रानं चीनची बाजू उचलली, ज्या मॉस्कोवर आपली भिस्त होती त्यांनी, कारण क्युबाच्या तोंडावर त्यांना चीन दुखवायचा नव्हता. २८ ला ख्रुश्चेव्हनी माघार घेतली आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला मॉस्कोचा सूर परत बदलला. वॉशिंग्टन क्युबात गुंतलेलं, त्यामुळं दिल्लीतले त्यांचे राजदूत गालब्रेथ यांना बरेच निर्णय स्वतःच्या जबाबदारीवर घ्यावे लागले. २१ नोव्हेंबरला चीननं एकतर्फी युद्धबंदी केली. रकाने भरले की पोरांना दिसतं की आसामातल्या तेजपूरच्या लोकांचं नशीब हवानामध्ये चाललेल्या गोष्टींना पण बांधलेलं होतं.

आणि त्याच दिवसांत कृष्ण मेनन गेले आणि संरक्षणमंत्री म्हणून यशवंतराव दिल्लीला गेले. देवराष्ट्रे तुमच्यापासून लांब नाही मॅडम. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला हे वाक्य पोरांना पाठ असतं, पण पुढं १९७४ ते १९७७ ते परराष्ट्रमंत्री होते आणि त्यांच्याच काळात १९७६ ला भारत आणि चीननं परत एकमेकांकडं राजदूत नेमले हे फार थोड्यांना माहिती असतं. युद्धानंतर सैन्य परत उभं करायला गेलेला माणूस, आणि त्याच देशाशी बोलणी सुरू झाली तेव्हा परराष्ट्र खात्यात तोच माणूस. सैन्य आणि राजनय या दोन वेगळ्या दुनिया नाहीत हे यशवंतरावांवरून जितकं चांगलं समजतं तितकं कुठल्या थिअरीच्या पुस्तकातून समजणार नाही, असं माझं मत आहे.


येरळाकाठ

सगळ्यांनी एवढं भरभरून लिहिलंत, मी वही घेऊन बसले होते. आता माझं असं ठरतंय. पहिला तास मेडलचा, फौजी काका तुमची परवानगी असेल तर मेडलच्या कडेचा फोटो पाठवा, मी मोठा प्रिंट काढून वर्गात फिरवते. कुत ते साइक्स-पिको ते राष्ट्रसंघातली खुर्ची, एवढंच, आणि घरी जाऊन ट्रंक बघायला सांगते, कोणाकडं मेडल, कोणाकडं पेन्शनचा कागद, कोणाकडं परदेशातून आलेली पत्रं. दुसरा तास सरांचा, १८१५ आणि १८१९ शेजारी शेजारी. मग वाईकर दादांचा जुलै. सोनं आणि १९६२ जागच्या जागी येतील.

व्याख्या मी देणार आहे, पण पहिल्या आठवड्याच्या शेवटी, आणि आधी पोरांना लिहायला लावणार आहे.

एकच राहिलं. नकाशाचं काय करू? कॉलेजात जगाचा एक राजकीय नकाशा आहे तो आत्ताचा. पोरांना तुर्की साम्राज्य, ऑस्ट्रिया-हंगेरी कुठं दाखवू?


माणदेशी_फौजी

परवानगी कसली ताई, फोटो आजच पाठवतो. दोन काढतो, एक पूर्ण मेडलचा आणि एक कडेचा, अक्षरं वाचता येतील असा.


वाईकर

नकाशाचं सोपं आहे. १९१४ चा युरोप आणि पश्चिम आशियाचा नकाशा नेटवर मिळतो, ए-थ्री कलर प्रिंट काढा, गटाला एक. पण नावं सांगू नका. आजच्या नकाशातली नावं फळ्यावर लिहा, इराक, सीरिया, लेबनॉन, जॉर्डन, इस्रायल, पोलंड, फिनलंड, चेक प्रजासत्ताक, आणि म्हणावं १९१४ च्या नकाशात हे देश शोधा. पाच मिनिटं शोधू द्या. एकही सापडणार नाही. मग कोणीतरी विचारेलच की मॅडम हे देश आले कुठनं, तिथं व्हर्साय सुरू करा. प्रिंट लॅमिनेट करून घ्या, दरवर्षी उपयोगी पडतात, आणि स्केच पेननं सीमा काढून परत पुसता पण येतात.